दादाशिवाय बदललेला बेल्ट

दादा आणि वहिनी सामान घेऊन वापीला गेले, त्या सकाळी जव्हारला इतकं धुकं होतं की टेम्पो सिल्वासाच्या रस्त्याला वळला तो मला दिसलाच नाही, नुसता ऐकू आला. दादा टेम्पोवाल्याशेजारी बसला होता. चढावर टेम्पोवाल्याने गिअर करकरवत टाकला, तेव्हा दादाच्या कपाळाला आठी पडली असणार, असं मला उगाच वाटून गेलं. निघताना त्याने गॅरेजच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, स्टोव्हचा वायसर गेलाय, बदलून घे. एवढंच बोलला. वहिनीने मात्र टेम्पोत चढण्याआधी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि पिठाचा डबा नीट झाकून ठेव, उंदीर झालेत, असं सांगितलं. मी आत आले. रोज त्या वेळी आमच्याकडे दोन स्टोव्ह भरभरत असायचे, एकावर चहा आणि एकावर भाकरीचा तवा. त्या दिवशी पलीकडे डेपोत एस.टी.वाले गाड्या तापवत होते तेवढाच आवाज होता. तो इतकी वर्षं रोजच होत असणार, पण मला तो त्या सकाळी पहिल्यांदा नीट ऐकू आला.

आमचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि मागे एक खोली. शेडमध्ये एक गाडी उभी राहिली की दुसरीला रस्त्यावरच थांबावं लागे. मागच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो. आमचं घर पोशेऱ्याचं. आईबाबा तिथेच भात-नागलीची शेती करायचे. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. तो नाशकाला एका गॅरेजात राहून काम शिकला आणि जव्हारला येऊन त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. आश्रमशाळेतून दहावी झाल्यावर मी कॉलेजसाठी त्याच्याकडे आले. सकाळी कॉलेज, दुपारनंतर गॅरेज. मला कोणी गॅरेजात ये म्हणालं नव्हतं. खोलीतून बाहेर जायची वाटच गॅरेजातून होती आणि येता-जाता दादा म्हणायचा, यमे, जरा हे धर. म्हणून मी धरत गेले. बारावी होईपर्यंत मला पान्यांचे नंबर डोळे मिटून कळायचे. पण काम दादाच करायचा. मी धरायची.

हे धरणं म्हणजे काय, ते ज्यांनी कधी इंजिन उघडलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा आमच्या बाजूला नव्या धर्तीची डिझेल इंजिनं यायला लागली होती. त्यांत वरचा कॅम, मधला पंप आणि खालचा क्रँक हे तिन्ही एका दातेरी रबरी बेल्टने बांधलेले असत. बेल्ट बदलताना ह्या तिघांनी आपली जागा सोडायची नाही, नाहीतर वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाची वाट लागते. म्हणून तिघांनाही भोकं ठेवलेली असतात. ती मागच्या भोकाशी जुळली की त्यांत पिना घालायच्या. दादाकडे अशा पिना होत्या आणि त्यांच्या जोडीला एक लोखंडी पट्टी होती, तिच्या टोकाला दोन बोल्ट. ते बोल्ट कॅमच्या पुलीतल्या भोकांत बसवायचे आणि पट्टी दोन्ही हातांनी धरून ठेवायची, म्हणजे दादाला पुलीचा मधला बोल्ट सोडता येई. पट्टीवर मी असायची. दादा पाना ओढायचा तेव्हा पट्टी माझ्या तळव्यांत गुरासारखी ओढ घ्यायची, आणि मी पाय रोवून मागे रेलायची. एकदा मी दमून पट्टी सैल सोडली आणि म्हटलं, पीन आहे ना आत, ती धरेल की. दादाने पाना खाली ठेवला. तो म्हणाला, "पिनेवर जोर टाकायचा नाही यमे. पीन फक्त जागा दाखवते. जोर पट्टीने घ्यायचा." पीन आतल्या आत तुटली तर काय होतं, ते त्याने नाशकाला पाहिलं होतं. त्यानंतर मी पट्टी सैल सोडली नाही.

आता माझ्याकडे प्रत्येक इंजिनाचा वेगळा संच आहे. प्लास्टिकच्या पेटीत, स्पंजमध्ये कोरलेल्या खाचांत चकचकीत पिना बसवलेल्या. पेटी उघडली की अजून मला ती कोणा दुसऱ्याची वाटते.

दादाला वापीला वहिनीच्या भावाने कंपनीत कायमची नोकरी लावून दिली. वहिनीला दिवस गेले होते. तिला एकदाचं पगाराचं घर हवं होतं आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. दादा म्हणाला, गॅरेज बंद करू, तू पोशेऱ्याला जा, पुढचं बाबा बघतील. पुढचं म्हणजे लग्न. मी म्हटलं, मी गॅरेज चालवीन. तो हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला जा म्हणाले. निघेपर्यंत आम्ही कामापुरतंच बोललो. जॅक, व्हाइस आणि सुटे पाने त्याने ठेवले आणि आपली मोठी पेटी टेम्पोत चढवली. तिकडे सुट्टीच्या दिवशी कामं करीन, म्हणाला.

मग लोक येईनासे झाले. येत होते, पण दारात गाडी उभी करून शेडमध्ये डोकावायचे, माझ्या मागे बघायचे आणि विचारायचे, कोणी नाही का. मी आहे म्हटलं की म्हणायचे, बरं बरं, काशिनाथ आला की येतो. काशिनाथ म्हणजे दादा. तो येणार नाही हे सांगितलं तरी ते तसंच म्हणायचे. पंक्चर, हवा, ऑइल बदलणं, ब्रेकचे लायनर, एवढं काम मिळायचं. बाकी दिवसभर मी शेड झाडायची, पाने पुसायची. एकटीच्या भाकरीचं पीठ कसं मळतात हे मला येत नव्हतं. मी तिघांच्या अंदाजाने परात भरायची आणि संध्याकाळी दुपारचीच गार भाकर खुरासणीच्या चटणीशी खायची. मोठ्याने बोलायला काही नसे. एकदा डेपोसमोरच्या दुकानात चहापत्ती मागायला गेले तर माझा आवाजच फुटेना. दुकानदाराने विचारलं, सर्दी झाली का. मी हो म्हटलं.

भातं निघाली होती, थंडी पडायला लागली होती, तेव्हा खोडाळ्याचे दगडूकाका आले. दगडूकाकांची जीप खोडाळा, मोखाडा, जव्हार अशी माणसं घेऊन यायची. त्यांचं वय तेव्हाच साठीच्या घरात होतं. अंगाने बारीक, डोक्याला कायम मफलर, आणि गाडी बंद केल्यावरही थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसायची सवय. त्यांच्या जीपमध्ये तेच नवं बेल्टवालं इंजिन होतं. पुढून ऑइल गळतंय, बघ, म्हणाले. तेही आधी माझ्या मागेच बघत होते, पण त्यांना परतीची माणसं घ्यायची होती आणि दुसरीकडे जायला वेळ नव्हता.

मी पुढचं झाकण काढलं. कॅमचं ऑइल अडवणारं रबरी सील गेलं होतं आणि सगळं ऑइल बेल्टवर उतरत होतं. बेल्ट फुगून मऊ झाला होता. मी तो बोटांनी वळवून पाहिला, तर दातांच्या मुळाशी केसाएवढ्या चिरा, आणि एका कडेचे दोरे सुटलेले. मी काकांना बोलावून दाखवलं. म्हटलं, हा कधीही जाईल. घाटात गेला तर गाडी जागेवर बंद पडेल आणि इंजिनही जाईल.

"गाडी तं चांगली चालते," काका म्हणाले.

मी म्हटलं, तुटेपर्यंत चांगलीच चालणार. ते चाकाजवळ उकिडवे बसले आणि मफलर सोडून पुन्हा बांधला. त्यांनी सांगितलं की मागच्या पावसात सूर्यमाळच्या अंगाला एका बाईचं पोट दुखायला लागलं, तेव्हा त्या बाजूला चालू अशी त्यांचीच एक गाडी होती. बाई वाचली, पोरही वाचलं. ते फुशारकीने सांगत नव्हते. त्या वाटेवर गाडी बंद पडली असती तर काय झालं असतं, ह्याचा विचार त्यांना बहुतेक त्या क्षणी पहिल्यांदा शिवला होता. त्यांनी विचारलं, कासीनाथ कधी येल. मी म्हटलं, नाही येणार.

"मग तुला जमल का?"

मी हो म्हटलं. एवढ्या चटकन म्हटलं की माझी मलाच भीती वाटली.

काका म्हणाले, गाडी हितंच राहू दे. बेल्ट आणि सील आणायला ते स्वतः एस.टी.ने नाशकाला गेले. ते गेल्यावर मी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. पट्टी तिथे नव्हती. पिनांचा डबाही फळीवर नव्हता. सगळं दादाच्या पेटीतून वापीला गेलं होतं. त्याने मुद्दाम नेलं नव्हतं. शेवटच्या कामानंतर पट्टी आणि पिना पेटीतच राहिल्या असणार, ती त्याने तशीच उचलली. पण त्या रिकाम्या खिळ्याकडे बघून मला पहिल्यांदा रडू आलं. टेम्पो गेला तेव्हाही आलं नव्हतं. वापीला फोन करून विचारता आलं असतं, पण केला नाही. फोन केला असता तर दादा म्हणाला असता, काम सोडून दे. आणि तो म्हणाला असता तर मी सोडलं असतं.

मी हार्डवेअरच्या दुकानातून पिनांच्या जागी घालायला, पुलीच्या भोकांत बसतील असे बोल्ट निवडून आणले. बाहेर दाराच्या उजेडात प्रत्येकाला फिरवून, जाडी बघून घेतले. क्रँकच्या मागच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, भोकासाठी मापाचा ड्रिल बिट घेतला. त्याचा मागचा गोल दांडा पिनेसारखा सरळ आत जातो, हे मी दादाकडे पाहिलं होतं. पट्टीसाठी ग्रिल बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे गेले. पुठ्ठ्याचा तुकडा पुलीवर दाबून मी भोकांचा छाप घेतला होता, तो त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, गॅरेजचं आहे का विचारलं, आणि खिडकीच्या पट्टीतून तोडून, भोकं पाडून दिली. मी आणखी वीतभर लांब हवी म्हटलं. लांब पट्टीला जोर कमी लागतो.

दुसऱ्या दिवशी काका सकाळच्या गाडीने बेल्ट घेऊन आले. मी नागलीची आंबील करून ठेवली होती, ती दोघांनी घेतली. काका शेडच्या दारात बसले. समोर बसून कोणीतरी बघतंय ह्याचा मला आधार वाटायला हवा होता. मला तो वाटला नाही. दादा काम करायचा तेव्हा तो तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटत असे, आता हा, आता हा सुटला, शाबास, असं बोल्टांशी. शेड त्या पुटपुटण्याने भरलेली असायची. मी तसं बोलून पाहिलं, पण काका दचकून विचारायला लागले, काय म्हनलीस. मग मी गप्पच राहिले.

क्रँकचा मोठा बोल्ट सोडायला काकांना गाडीत बसवलं. टॉप गिअर टाकायला सांगितला आणि ब्रेक दाबून धरायला लावला, म्हणजे क्रँक फिरणार नाही. बोल्ट सुटला. मग न्यूट्रल करून मी पाना लावला आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवत भोकं जुळवली. ड्रिलचा दांडा फ्लायव्हीलमध्ये गेला. कॅमच्या भोकात पिनेचा बोल्ट गेला. पंपाच्या भोकातही गेला. तिन्ही आपापल्या जागी थांबले आहेत हे दिसलं, तरी मी प्रत्येक पीन पुन्हा काढून, पुन्हा घालून पाहिली. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर ढिला केला आणि जुना बेल्ट उतरवला. आता इंजिनात काहीच कशाला बांधलेलं नव्हतं.

कॅमचं सील बदलायचं तर पुली काढायला हवी, आणि पुलीचा बोल्ट सोडायला पट्टी धरायला दुसरं माणूस हवं. मी काकांना बोलावलं. त्यांनी पट्टी धरली. मी पाना ओढला तशी त्यांच्या हातातली पट्टी हलली आणि मी थांबले. ते म्हणाले, माझा खांदा उतरलेला आहे पोरी, वजन धरवत नाही. त्यांना ते सांगताना लाज वाटत होती. इतकी वर्षं गिअर टाकून टाकून तो खांदा गेला होता आणि खोडाळ्यात त्यांनी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. मी म्हटलं, राहू द्या काका. ते पुन्हा दारात जाऊन बसले. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

मी हातात पट्टी घेऊन उभी राहिले. असं वाटत होतं की दादाने माझा धरायचा हात इथे ठेवला आणि सोडायचा हात घेऊन तो निघून गेला. शेवटी जॅकखाली घालायचा सागाचा ठोकळा आणला. पट्टीचं लांब टोक गाडीच्या चासीवर टेकेल असं फिरवलं आणि मधे ठोकळा घट्ट सारला. कॅमची पीन बाहेर काढून ठेवली, म्हणजे चुकूनही जोर तिच्यावर जायला नको. पट्टी निसटली तर कॅम स्प्रिंगच्या जोराने उडी मारेल आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर वाकतील, हे ठाऊक होतं. डाव्या हाताने पट्टी ठोकळ्यावर दाबली आणि उजव्या हाताने पाना ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला, सगळं अंग घालून. ठोकळा करकरला आणि फाटकन आवाज आला. माझा हात बाजूच्या पत्र्यावर जाऊन आदळला. क्षणभर मला कळेना, बोल्ट सुटला की कॅम गेला. हाताला रक्त येत होतं. मी कॅमची पीन उचलून भोकात घातली. ती दोन बोटांनी, लोण्यात गेल्यासारखी आत गेली. कॅम हललेला नव्हता.

त्या वेळी मागे वळून कोणाला तरी सांगावंसं वाटलं. काका तसेच पाठमोरे बसले होते. मी चिंधीने हात बांधला आणि पुढच्या कामाला लागले.

सील बसलं, पुली बसली. ठोकळा उलट बाजूला सारून बोल्ट आवळला. नवा बेल्ट क्रँकवरून घेत पंपावरून वर कॅमवर चढवला, टेन्शनर सोडला, सगळ्या पिना काढल्या आणि पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. हे फेरे फार सावकाश फिरवायचे असतात. आत कुठे काही अडतंय का, ते हाताला कळावं लागतं. अडलं नाही. मग पुन्हा पिना. फ्लायव्हीलमध्ये दांडा गेला, कॅमची पीन गेली, पंपाची जाईना. भोकात डोकावलं तर मागचं भोक अर्धवट झाकलेलं, चंद्रकोरीसारखं. पंप एका दाताने मागे राहिला होता. बेल्ट चढवताना क्रँक आणि पंपाच्या मधे मी ढील राहू दिली होती. दादा तिथे बेल्ट अंगठ्याने ताणून धरायचा. मी तेव्हा दुसऱ्या बाजूला पट्टीवर असायची, त्यामुळे त्याचा अंगठा मला कधी दिसलाच नव्हता.

काकांनी मान वळवून विचारलं, "बिघडला का?"

"नाही," मी म्हटलं. "परत करते."

नाशकाचा मिस्त्री बोलवू का, असं ते विचारतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं नाही. उठून ते मागच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आले. स्टोव्हचा वायसर अजून तसाच होता, तरी त्यांनी तो कसाबसा पेटवला होता. चहा धुरकट लागत होता. मी तो पिऊन पुन्हा बेल्ट उतरवला. ह्या वेळी अंगठ्याने ताण धरला. दोन फेरे. दांडा गेला, कॅमची गेली, पंपाचीही गेली. ऊन अजून शेडच्या दारात होतं तेव्हा काकांनी चावी फिरवली. पहिल्या झटक्याला नाही, दुसऱ्याला इंजिन लागलं. एकसारखं, कुठेही न अडखळता. काका नेहमीसारखे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकत बसले. मी झाकण हातात घेऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी खोडाळ्याचा बाजार होता. काका म्हणाले, तू संगती चल. मला वाटलं खूश झालेत. तसं नव्हतं. पट्टा घाटात तुटला तर मी एकटा काय करू, म्हणाले. म्हणून सकाळी पाने मांडीवर घेऊन मी पुढच्या सीटवर बसले. जव्हारच्या नाक्यावर माणसं दाटीवाटीने चढली. एक म्हातारी माझ्या अंगावर रेलून बसली आणि तिने काकांना विचारलं, ही कोनाची पोर. काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "मिस्त्री आहे. गाडी हिनंच बांधली." म्हातारीने माझ्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, बरं म्हणाली आणि बाजारात वाटाणा काय भावाने असेल ते मागच्या बाईला विचारायला लागली. मला तेवढंच पुरे होतं. मोखाड्यापर्यंत मी एका शब्दाने कोणाशी बोलले नाही, नुसतं इंजिन ऐकत होते. उतारावर, वळणावर, काका गिअर बदलताना खांदा किती जपतात ते बघत.

परत येताना त्यांनी मला पोशेऱ्याच्या फाट्यावर सोडलं. आई खळ्यात नागलीची कणसं झोडत होती. बाबा रानात होते. आईने काठी खाली ठेवून आधी माझा हात धरला.

"काय लागला हाताला?"

मी तिला सगळं सांगायला बसले. आमच्या घरच्या बोलीत सांगत होते आणि जागोजाग शब्द अडत होते. बेल्टला शब्द नाही, पुलीला नाही, सीलला नाही. एकमेकांशी बांधलेली चाकं, असं काहीतरी म्हणत राहिले. आई नीट ऐकत होती, मान हलवत होती, आणि तिच्यापर्यंत काही पोचत नाहीये हे आम्हा दोघींना कळत होतं. शेवटी तिने विचारलं, गाडी चालली ना. मी म्हटलं, चालली. मग बरा झाला, म्हणाली. चिंधी सोडून तिने हळद भरली आणि पुन्हा बांधताना खाली बघत विचारलं, "जेवाया कोन असतं तुझे संगती?"

मी म्हटलं, कोणी नाही. तिने गाठ मारली. राहा आजच्या दिवस, असं ती म्हणाली नाही. मला वाटतं म्हटलं असतं तर मी राहिले असते आणि मग कदाचित राहिलेच असते. तिने नागलीचं पीठ बांधून दिलं, थोडे उडीद दिले आणि फाट्यापर्यंत सोडायला आली. एस.टी. येईपर्यंत आम्ही एकमेकींच्या शेजारी उभ्या होतो. आई जाऊन आता खूप वर्षं झाली. तिला मी काय काम करते ते शेवटपर्यंत समजलं नाही. माझ्या हातावरचा वण मात्र ती प्रत्येक वेळी चाचपून बघायची.

जव्हारला उतरले तेव्हा दिवस कलला होता. गॅरेजकडे न जाता मी डेपोसमोरच्या फोनच्या टपरीत गेले. दादाने वापीच्या चाळीखालच्या किराणावाल्याचा नंबर दिला होता. मी तो आजवर एकदाही लावला नव्हता. किराणावाला हिंदीत म्हणाला, थोड्या वेळाने लावा, बोलावतो. मी बाकड्यावर बसले. पुन्हा लावला तेव्हा दादा आला होता. त्याला धाप लागली होती. घरी काही झालं का, हेच त्याने आधी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. दगडूकाकांचा बेल्ट बदलला.

मी रिसीव्हर कानाला आणखी दाबला. मला वाटलं फोन तुटला.

मग तो म्हणाला, "कॅमचा बोल्ट कोणी सोडला?"

"मीच."

"पट्टी कोणी धरली?"

मी ठोकळ्याचं सांगितलं. तो म्हणाला, पीन काढली होतीस का आधी. मी हो म्हटलं. फेरे फिरवले का. हो. पंपाची गेली का पहिल्यांदा. मी म्हटलं, पहिल्यांदा नाही गेली, एक दात मागे होता, दुसऱ्यांदा गेली. तो हलकं हसला. माझीही पहिल्यांदा नव्हती गेली, म्हणाला. त्याने हे मला कधी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, तुझं काम कसं आहे. तो म्हणाला, बरं आहे. पट्ट्यावरून डबे येतात, ते खोक्यात भरायचे. पाना लागत नाही. पेटी खाटेखाली आहे, अजून उघडली नाही. वहिनी बरी आहे. चाळीत सगळे गुजराती नाही तर भय्ये, बोलायला कोणी नाही. हे शेवटचं तो अगदी सहज बोलला, पाऊस नाही म्हणावं तसं. टपरीबाहेर दोन माणसं फोनसाठी ताटकळत होती आणि माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बरं दादा, ठेवते.

"थांब," तो म्हणाला. "नीट सांग की. झाकण काढलंस तेव्हापासून सांग."

मी बाहेरच्या माणसांकडे पाठ केली आणि सांगायला लागले. झाकणाचे बोल्ट गंजले होते, त्यातला खालचा आधी सोडला. बेल्ट ऑइलने फुगला होता. चिरा दातांच्या मुळाशी होत्या. तो मधे मधे हं म्हणत होता, आणि काही वेळाने, मी क्रँकवर आले तेव्हा, तो तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागला, आता हा, आता हा सुटला. मी तो ऐकू यावा म्हणून सावकाश सांगत गेले.